खांदेपालट आणि हाळी

जुलै महिना होता. खोपोली मागे टाकून आम्ही जुन्या रस्त्याने बोरघाट चढत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी मामा बसला होता. मामाने एकतीस वर्षं मालट्रक चालवला, बहुतेक सगळा मुंबई ते कोल्हापूर. स्टिअरिंग सुटून त्याला दहा वर्षं झाली, तरी वळण आलं की त्याचा उजवा पाय समोर नसलेला ब्रेक दाबतो. धुकं असं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे उमटायचे आणि लगेच पुसले जायचे. मामा फोनवर मामीशी बोलत होता. औषधाची चिठ्ठी कुठे ठेवली आहे ते ती सांगत होती. कपाटात की फ्रिजवर, एवढंच ऐकायचं राहिलं होतं. डोंगराची कड आडवी आली आणि आवाज तुटला.

मामाने फोन कानापासून दूर धरून पाहिला. "खोपोलीपासून दोन-तीन टॉवर तरी बदलले असतील गं. तेव्हा काही कळलं नाही. मग इथंच कसं तुटलं?"

गेली दोन वर्षं मी याच प्रश्नाच्या मागे आहे. धावत्या गाड्यांमधला बिनतारी धागा टिकतो कसा आणि तुटतो कुठे, हे समजून घेण्यासाठी मी पुस्तकं वाचली, अभियंत्यांबरोबर रस्त्यावर फिरले, आणि सर्वांत जास्त शिकले ते मामाच्या जुन्या गोष्टींतून. वाचत गेले तसं मला तुटण्यापेक्षा टिकण्याचंच नवल वाटू लागलं. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर असते. डोंगर, इमारती, शेजारचा टँकर यांच्यावर आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि त्यामुळे दर सोळा-सतरा सेंटिमीटरवर सिग्नल खोल खड्ड्यात जाऊ शकतो. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. म्हणजे सेकंदाला दीडशेहून जास्त खड्डे. डांबरातला एक खड्डा आपल्याला हलवून सोडतो. हवेतले हे शेकडो खड्डे फोन मुकाट्याने भरून काढतो आणि मामीचा आवाज सरळ ऐकू येतो.

हे झालं एका टॉवरच्या हद्दीत. हद्द संपली की काय?

ज्या घाटात आमचा फोन तुटला, तिथे चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला १८३० मध्ये. त्याआधी ऐपतवाला माणूस घाट चढायचा तो पालखीत बसून, भोयांच्या खांद्यावर. पालखीच्या भोयांचं कसब चालण्यात होतं त्याहून जास्त खांदा बदलण्यात होतं. दमलेला भोई दांडीखालून निघायच्या आधी ताज्या दमाचा भोई चालता चालताच आपला खांदा दांडीखाली सरकवतो. क्षणभर दांडी दोघांच्या खांद्यावर असते. मग पहिला बाजूला होतो. आत बसलेल्याला धक्का बसला तर भोई कच्चे. याला आपल्याकडे शब्द आहे: खांदेपालट. राजकारणाने तो पळवून नेला आणि आता तो मंत्रिमंडळाच्या बातम्यांतच दिसतो. टेलिफोनची माणसं 'हँडओव्हर' म्हणतात. पण मला त्या कामासाठी खांदेपालटाइतका नेमका शब्द दुसरा सापडलेला नाही.

आपण मोबाइलला हातातली वस्तू समजतो. तो जन्मला मात्र गाडीत. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मोटारीतून टेलिफोन करण्याची सेवा सुरू झाली. यंत्राचं वजन होतं सुमारे ३६ किलो, फोन जोडून द्यायला ऑपरेटर लागायची, आणि साऱ्या शहरात एका वेळी जेमतेम दोन-चार जणच बोलू शकत. खांदेपालट नव्हतीच, शहराबाहेर गेलात की बोलणं संपलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४७ मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिलं: एक मोठा मनोरा उभारून सगळं शहर कवेत घेण्याऐवजी जमिनीचे लहान लहान षटकोनी तुकडे करा, आणि तीच फ्रिक्वेन्सी दूरच्या तुकड्यात पुन्हा वापरा. रूपरेषा तयार होती. धावती गाडी एका षटकोनातून दुसऱ्यात जाताना तिचा फोन कोणी आणि कसा उचलून द्यायचा, याला लागणारी चपळ यंत्रं मात्र तेव्हा नव्हती.

ती वाट आधी आगगाडीने दाखवली. १९६९ च्या जानेवारीत न्यूयॉर्क–वॉशिंग्टन मार्गावरच्या मेट्रोलायनर गाड्यांत नाणं टाकून बोलायचे टेलिफोन बसवले. सुमारे ३६० किलोमीटरचा मार्ग नऊ टप्प्यांत वाटलेला होता. रुळांशेजारी बसवलेली उपकरणं गाडी कुठवर आली ते फिलाडेल्फियातल्या संगणकाला सांगत आणि तो संगणक फोन पुढच्या टप्प्याच्या हवाली करत असे. आगगाडीचं बरं असतं, ती रूळ सोडून कुठे जात नाही. मोटार कुठल्याही फाट्याला वळेल. त्यासाठीची व्यवस्था अमॉस जोएल यांनी रचली आणि १९७२ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. जोएल हे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जोडणीचे जाणकार, म्हणजे हवेपेक्षा तारांमध्ये रमलेला माणूस, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. खांदा बदलण्याचं खरं काम जमिनीखालच्या जोडणीत असतं. १९७९ च्या डिसेंबरमध्ये टोकियोत आणि १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत ही सेवा लोकांना मिळू लागली, तीही आधी मोटारींसाठीच. आपल्याकडे पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला.

हे काम आज कसं चालतं ते पाहायला मी गेल्या हिवाळ्यात एका तरुण अभियंत्याबरोबर पनवेलहून लोणावळ्यापर्यंत गेले. या कामाला ते लोक 'ड्राइव्ह टेस्ट' म्हणतात. मागच्या सीटवर लॅपटॉप, त्याला जोडलेले चार फोन, टपावर जीपीएसचा अँटेना. फोन आपोआप कॉल लावत राहतात, आणि पडद्यावरच्या नकाशात गाडीमागे ठिपक्यांची माळ उमटत जाते. हिरवा ठिपका म्हणजे चांगला सिग्नल, पिवळा म्हणजे बेताचा, लाल म्हणजे गेला. तो नकाशा पाहताना मला ओळखीचा द्रुतगती मार्ग अनोळखी वाटायला लागला. ९४.५ किलोमीटरच्या या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्याच्यावर पसरलेला हा दुसरा रस्ता मला कधी दिसलाच नव्हता.

बोलताना आपला फोन एका टॉवरशी बांधलेला असतो, पण त्याचे कान आजूबाजूच्या टॉवरांकडेही असतात. जुन्या जीएसएम पद्धतीत तो दर ४८० मिलिसेकंदांनी शेजाऱ्यांच्या आवाजाची मोजणी करून वर कळवतो. तेवढ्या वेळात द्रुतगती मार्गावरची गाडी १३ मीटर पुढे गेलेली असते. शेजारचा टॉवर थोडा जोरदार वाटला म्हणून लगेच उडी मारायची नसते. फरक दोन-तीन डेसिबलचा तरी हवा, आणि तो काही क्षण टिकायला हवा. नाहीतर गाडी दोन टॉवरांच्या मधोमध असताना फोन इकडून तिकडे, तिकडून इकडे टोलवला जातो. अभियंत्यांच्या बोलीत हे 'पिंगपाँग'. म्हणून थोडं थांबायचं, खात्री करायची, मग खांदा बदलायचा.

आणि घाटात नेमकं हे थांबणंच नडतं. सपाटीवर टॉवरचा सिग्नल हळूहळू उतरतो, पुढच्याचा हळूहळू चढतो. खात्री करायला सवड मिळते. घाटातल्या वळणावर मध्ये अख्खा कातळ येतो. एका क्षणी जुना टॉवर पूर्ण जोरात, पुढच्या क्षणी तो नाहीच. 'मला पुढच्याकडे सोपवा' हा निरोप ज्याच्यामार्फत पाठवायचा, तोच नाहीसा झालेला असतो. ताजा भोई दांडीखाली यायच्या आधी दमलेला भोई दरीत उतरावा, तसं. मामाचा फोन असाच तुटला होता. बोगद्यांचं दुखणं वेगळं आहे. आत मुद्दाम केबल टाकून किंवा सिग्नल वाढवणारी यंत्रं लावून हवा बोलती करावी लागते, आणि बोगद्याच्या तोंडाशी आतला आणि बाहेरचा सिग्नल एकमेकांवर थोडे पसरलेले असावे लागतात.

त्या अभियंत्याने एका वळणावर गाडी हळू करायला सांगितली. तिथे तीन लाल ठिपके सलग होते. पुढच्या टॉवरचा सिग्नल तर भरपूर होता! मग? जुन्या टॉवरच्या शेजाऱ्यांच्या यादीत त्या नव्या टॉवरचं नावच नव्हतं. याला ते 'मिसिंग नेबर' म्हणतात. यादी सुधारली की लाल ठिपके जातात. त्या दिवशी त्याने अशा दोन जागा टिपून घेतल्या. त्याचं काम बिनबोभाट झालं तर कोणाला कधीच कळणार नाही की ते कोणी केलं होतं. मला त्याच्याविषयी, आणि त्याच्यासारख्या रस्तोरस्ती लॅपटॉप मांडीवर घेऊन फिरणाऱ्या शेकडो पोरांविषयी, त्या दिवसापासून मनापासून आदर वाटतो.

मधल्या काळात तंत्रानेही भोयांकडचा धडा दोनदा गिरवला आहे. या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे घरोघर पोहोचलेल्या सीडीएमए फोनमध्ये क्षणभर दोन्ही टॉवरांशी एकदमच बोलण्याची सोय होती. त्यानंतरच्या ४जी ने ती सोडली. आधी सोड, मग धर, पण इतक्या झटपट की कानाला कळू नये. २०२० मध्ये पक्क्या झालेल्या ५जी च्या नियमांत दोन्ही खांदे एकदम दांडीखाली ठेवण्याची तरतूद पुन्हा आली. शिवाय आणखी एक शहाणपण आलं: पुढच्या टॉवरला आधीच सांगून ठेवायचं, फोनलाही अट सांगून ठेवायची, आणि वळण आलं की वरून हुकूम यायची वाट न पाहता फोनने स्वतःच खांदा बदलायचा. हे घाटासाठीच सुचलं असावं असं मला वाटत राहतं.

इथवर आलं ते माणसाचं बोलणं. ते दोन सेकंद तुटलं तर पुन्हा फोन लावता येतो. मला खरी ओढ लागली ती पुढच्या प्रश्नाची. गाडीने गाडीशी बोलायचं असेल तर?

ताशी ९६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २७ मीटर. पुढच्या गाडीचा ब्रेक दिवा पेटलेला पाहून मागच्या माणसाचा पाय हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. दहा गाड्यांची रांग असेल तर पहिल्याने दाबलेल्या ब्रेकची बातमी दहाव्यापर्यंत नऊ-दहा सेकंदांनी पोहोचते, आणि वाटेत ती बिघडते. प्रत्येक जण उशीर भरून काढायला पुढच्यापेक्षा जरा जास्त जोरात ब्रेक मारतो. पहिल्याने नुसता पाय टेकवलेला असतो, दहावा करकचून थांबतो, अकरावा त्याच्यावर आदळतो. धुक्यात एकामागून एक गाड्या आदळल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो, तिच्या मुळाशी हा उशीर असतो.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या आय-१५ महामार्गावर आठ ब्यूक मोटारी ताशी सुमारे ९६ किलोमीटरने, एकमेकींत फक्त साडेसहा मीटर अंतर ठेवून धावल्या. ते अंतर पाव सेकंदात संपतं. माणसाचा पाय तिथे निरुपयोगी. हे जमलं, कारण प्रत्येक गाडी फक्त तिच्या पुढच्या गाडीकडे पाहत नव्हती. पुढे काय चाललं आहे ते तिला बिनतारी निरोपांतून कळत होतं, त्यामुळे पहिलीने वेग कमी केला की सगळ्या जवळजवळ एकदम कमी करत. बातमी रांगेतून सरकत नव्हती, सगळीकडे एकदम पोहोचत होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या सहा कंपन्यांचे ट्रक असेच जोडीजोडीने, तांड्या-तांड्याने वेगवेगळ्या देशांतून रॉटरडॅमला आले.

मग निरोप तुटला तर? मी वाचत होते त्या सगळ्या कागदांत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला. रेडिओ कधी ना कधी तुटणारच, हे या क्षेत्रातले जाणते लोक धरूनच चालतात. त्यांची धडपड असते ती तुटल्यावर गाडीने काय करावं याची. निरोप येईनासे झाले की गाडीने स्वतःच्या रडारवर यावं आणि हळूहळू अंतर वाढवत न्यावं. एकदम ब्रेक मारला तर तोच अपघाताचं कारण. अखंड जोडणी म्हणजे कधीच न तुटणारी, अशी माझी समजूत होती. ती तुटतानाही धक्का न देणारी असावी लागते.

मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आम्ही दुसरं काय करायचो?"

तो सांगायला लागला. वळणाआधी एक लांब हॉर्न, समोरून उत्तर आलं तर थांबायचं. रात्री डिपर दोनदा मारला तर 'मी येतोय, तू थांब', एकदा मारून विझवला तर 'ये तू'. मागच्याला पुढे जायचं असेल आणि समोरचा रस्ता मोकळा असेल तर उजवीकडचा इंडिकेटर. गाडी वळायची नसते, मागच्याला वाट द्यायची असते. समोरून येणाऱ्याने हात खालीवर हलवला की पुढे काहीतरी आहे, हळू. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' त्याच भाषेतलं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात ते लिहायला मनाई झाली, कारण लोक ते वाचून उगाच हॉर्न वाजवत सुटत. पण ज्या काळात ट्रकला आरसे धड नसत त्या काळात मागच्याचा हॉर्न हाच पुढच्याचा आरसा होता.

या भाषेत एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. हॉर्न कोणाला 'लावायचा' नसतो. तो वाजतो, आणि जो ऐकण्याच्या टप्प्यात असेल त्याला ऐकू येतो. आधी नंबर फिरवा, समोरच्याने उचलावं, मग बोला, असं काही नाही. जोडणीच नाही, म्हणून तुटायलाही काही नाही. गावाकडे ओढ्यापलीकडच्या माणसाला हाळी देतात, तसं.

गाडी-गाडीतल्या रेडिओचा सगळा डोलारा अखेर या हाळीवरच उभा राहिला. समोरासमोरून ताशी शंभरने येणाऱ्या दोन गाड्या घ्या, आणि रेडिओचा पल्ला ३०० मीटर धरा. दोघी एकमेकींच्या ऐकण्याच्या टप्प्यात असतात जेमतेम ११ सेकंद. घरातलं वायफाय जोडून घ्यायला, परवल्या जुळवायला त्यातले काही सेकंद खाईल. म्हणून २०१० मध्ये मंजूर झालेल्या गाड्यांसाठीच्या वायफायमध्ये, ८०२.११पी असं त्याचं रुक्ष नाव, जोडून घेण्याची पायरीच काढून टाकली. प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा आपली हाळी देते: मी इथे आहे, या वेगाने, या दिशेला चालले आहे, ब्रेक दाबला आहे किंवा नाही. ऐकेल त्याने ऐकावं. एखादी हाळी वाऱ्यावर गेली तर बिघडत नाही, एक दशांश सेकंदात पुढची येतेच.

ही साधी वाटणारी युक्ती गर्दीत कशी अडते ते हिशोब मांडल्यावर कळतं. रविवारची संध्याकाळ, मुंबईकडे परतणाऱ्यांची कोंडी. सहा लेन, मागेपुढे मिळून ६०० मीटरचा टापू, प्रत्येक गाडीला आठ मीटर जागा. झाल्या ४५० गाड्या. प्रत्येकीच्या सेकंदाला दहा हाळ्या, म्हणजे साडेचार हजार. प्रत्येक हाळी साधारण ३०० बाइट्सची, हवेत तिला सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात. गुणाकार केला तर १.८ सेकंद होतात. एका सेकंदात पावणेदोन सेकंदांचं बोलणं कसं मावणार? बाजारात सगळेच ओरडू लागले की कोणाचंच ऐकू येत नाही. उपाय असा की गर्दी वाढली की प्रत्येकीने आपणहून कमी वेळा आणि हळू आवाजात बोलायचं. कोंडीत गाडी जागची हलतच नसते, तेव्हा सेकंदाला दहा वेळा सांगण्यासारखं तिच्याकडे असतं तरी काय?

आणि घाट इथेही घाटच. या रेडिओला बहुतेक देशांनी दिलेला ५.९ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे पाच सेंटिमीटरची लहर. ती सरळ जाते, कातळाला वळसा घालत नाही. जपानने चौकातल्या आंधळ्या कोपऱ्यांचा विचार करून ७६० मेगाहर्ट्झ निवडला. तिथली लहर सुमारे ३९ सेंटिमीटरची, ती कोपऱ्यावरून थोडी वाकते. २०१५ पासून टोयोटाने तिथल्या आपल्या काही गाड्यांत हा रेडिओ बसवला. आपल्या घाटांसाठी हा धडा लक्षात ठेवावा असं मला वाटतं. किंवा मग वळणाच्या खांद्यावर एक खांब उभा करावा, जो खालची हाळी वर आणि वरची खाली पोहोचवील.

हाळी देणारी खरीच गाडी आहे, की रस्त्याकडेला लॅपटॉप घेऊन बसलेला कोणी खोडसाळ, हेही कळायला हवं. म्हणून प्रत्येक हाळीवर डिजिटल सही असते. पण सहीवरून गाडी ओळखता आली तर रस्त्यालगतचा कोणीही तुमचा दिवसभराचा माग काढू शकेल. यावर अमेरिकेत जी तोड निघाली ती मला अतिशय सुंदर वाटते. गाडीकडे टोपणनावांची थैली असते आणि ती दर काही मिनिटांनी नाव बदलते. सही खरी आहे हे कळतं, कोणाची ते कळत नाही. यातही एक खांदेपालट दडलेली आहे! भर वळणात नाव बदललं तर मागच्या गाडीला वाटेल, पुढची नाहीशी झाली आणि शून्यातून नवीन उगवली. म्हणून नाव कधी बदलायचं यावरही माणसांनी वर्षानुवर्षं डोकं लढवलं आहे.

इतकं सगळं झालं, तरी हा रेडिओ फारच थोड्या गाड्यांत पोहोचला. अमेरिकेने १९९९ मध्येच ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला होता. २०१२ मध्ये ॲन आर्बर शहरात जवळपास तीन हजार गाड्यांवर चाचणी झाली. २०१६ च्या अखेरीस प्रत्येक नव्या मोटारीत तो सक्तीचा करण्याचा प्रस्ताव आला, आणि पडून राहिला. दरम्यान मोबाइलच्या घराण्यातून दुसरा रेडिओ पुढे आला, सी-व्ही२एक्स, टॉवर नसतानाही गाड्यांना आपसात बोलू देणारा. दोन्हींच्या भाषा वेगळ्या, एकीची हाळी दुसरीला कळत नाही. चीन मोबाइलवाल्या बाजूला गेला, २०१९ मध्ये आलेल्या नव्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये युरोपात वायफायवाला रेडिओ आला, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने राखीव पट्ट्यातले ४५ मेगाहर्ट्झ घरगुती वायफायसाठी मोकळे करून उरलेले ३० सी-व्ही२एक्सला दिले. एकवीस वर्षं पट्टा तयार होता, माणसांचं एकमत होत नव्हतं. या काळात धुक्यात गेलेल्यांचा विचार मनात आला की मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. कारण ही वस्तू एकट्याने विकत घेऊन उपयोगाची नाही. शंभरातल्या दहा गाड्यांत रेडिओ असेल, तर कुठल्याही दोन गाड्या समोरासमोर आल्यावर दोघींतही तो असण्याची शक्यता शंभरात एक. हाळी देणाऱ्याला ऐकणारा हवा.

आपल्याकडे काय? पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून वाहनांची तपासणी आणि संशोधन करणारी एआरएआय ही संस्था आहे. वाहनांसाठीच्या ज्या मानकांशी तिचं नाव जोडलेलं आहे त्यांतलं एआयएस-१४० हे प्रवासी वाहनांत बसवायच्या यंत्राविषयी आहे: बस, टॅक्सी कुठे आहे ते सतत कळवणारं, आणि संकटाचं लाल बटण असलेलं. नेटवर्क गेलं की ते यंत्र आपल्या जागा साठवून ठेवतं आणि नेटवर्क आल्यावर सगळ्या एकदम पाठवतं. ठावठिकाण्यासाठी ते उत्तम आहे. पण ब्रेकची बातमी अशी साठवून ठेवता येत नाही. अर्ध्या सेकंदाने आलेली ब्रेकची बातमी म्हणजे शिळी बातमी.

त्याहून मोठी अडचण आकड्यांत आहे. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि जवळपास २० टक्के पायी चालणारी. म्हणजे दर तिघांतल्या दोघांच्या भोवती गाडीचा पत्राच नव्हता, मग गाडीतला रेडिओ कुठला? मोटारींनी मोटारींशी बोलणारं जाळं आपण उद्या उभं केलं, तर ते आधी त्यांना वाचवील ज्यांच्याभोवती आधीच पत्रा, पट्टा आणि एअरबॅग आहे. हे जाळं नको असं मी मुळीच म्हणत नाही. ते हवं, लवकर हवं, आणि पहिल्या दिवसापासून दुचाकीला त्यात धरून हवं. पायी चालणाऱ्याच्या खिशातला फोनही हाळी देऊ शकतो, त्यावर काम झालेलं आहे. स्कूटरच्या किमतीत मावेल असा रेडिओ करणं हे पुण्या-चाकणच्या आवाक्यातलं काम आहे. घाटातल्या वळणांवर खांब उभे करणं हे रस्ता बांधणाऱ्यांच्या आवाक्यातलं आहे. कठडा आणि दिशाफलक रस्त्याच्या खर्चात धरतो तसा हा खांबही धरावा.

त्या दिवशी घाटात आम्ही शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. गोऱ्या साहेबाला घाटातली वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा लोक सांगतात, आणि येणारा-जाणारा ड्रायव्हर त्याच्यापुढे नाणं टाकतो. मामाने खिडकीतून नाणं टाकलं. फोन पाहिला, अजून नेटवर्क नव्हतं.

पुढे धुकं आणखी दाटलं. मामाने गाणी बंद केली, आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि मलाही करायला सांगितली. पाऊस आत येत होता. "दिसत नाही तेव्हा ऐकायचं," तो म्हणाला. मी दुसऱ्या गिअरमध्ये, दिवे खाली धरून, एकेक मीटर पुढे जात होते. इंजिनाचा आवाज, पाण्याचा आवाज, वरून कुठूनतरी कोसळणारा ओहोळ.

"ओ, थांबा!"

बाईचा आवाज होता, डावीकडून, अगदी जवळून. मी ब्रेक दाबला. दोन क्षणांनी धुक्यातून आधी मोळी दिसली, मग तिच्याखालची बाई, मग तिच्यामागे दुसरी. डोक्यावर ओल्या लाकडांचा भार, हातात कोयता, पाय अनवाणी. त्या आमच्या बॉनेटला जवळजवळ घासून पलीकडे गेल्या. मागची जरा थबकली, वळून खालच्या अंगाला तोंड करून तिने आणखी एक हाळी दिली, आमच्यामागून येणाऱ्यांसाठी. मामाने माझ्या हातावरून आपला हात पुढे नेऊन हॉर्न एकदा लांब वाजवला, आणि मी गाडी पहिल्यात टाकली.